ग्रीनला भोकं का पाडतात? गांडूळ, वाळू आणि देखभालीचा इतिहास

गोल्फच्या मैदानातली सगळ्यात लाडाची जागा म्हणजे ग्रीन. झेंडा आणि त्याखालचं होल ज्या छोट्या हिरवळीत असतं, ती ही जागा. इथलं गवत आजकाल जेमतेम तीन मिलिमीटर उंचीचं ठेवतात. इथे चेंडू उडवायचा नसतो, पटरने हलकेच ढकलून घरंगळवायचा असतो. म्हणून ही जमीन गालिच्यासारखी हवी. आणि नेमक्या याच जमिनीवर वर्षातून एकदा-दोनदा क्लबचेच कर्मचारी यंत्र घेऊन येतात आणि तिची चाळण करून टाकतात. अर्ध्या इंचाची भोकं, दोन-दोन इंचांवर. मग त्यावर वाळू पसरतात. पुढचे दोन-तीन आठवडे चेंडू अडखळत, उड्या मारत जातो आणि खेळणारे वैतागतात.

या कामाला एअरेशन म्हणतात. मी देखभालीच्या इतिहासावर पीएचडी करते आहे आणि नव्याने रिसर्चकडे वळणाऱ्यांना हे उदाहरण मी मुद्दाम देते. कारण 'का' या एका शब्दात इथे दोन प्रश्न लपलेले आहेत. आज भोकं का पाडावी लागतात? आणि भोकं पाडावी लागतील अशी परिस्थिती आली कशी? पहिला प्रश्न मातीच्या शास्त्राचा आहे, दुसरा इतिहासाचा. सिनॉप्सिस लिहिताना या दोन्हींची गल्लत फार होते.

मातीचं उत्तर

आधी पहिला प्रश्न मिटवू. माती म्हणजे नुसते कण नव्हेत, कणांमधल्या पोकळ्याही आल्याच. मोठ्या पोकळ्यांतून पाणी खाली उतरतं आणि हवा आत येते. मुळांना श्वासासाठी ऑक्सिजन लागतो, तो याच वाटेने मिळतो. रोज शेकडो पावलं आणि कापणीचं यंत्र एकाच जागेवरून गेलं की वरचे दोन-तीन इंच दबतात. मोठ्या पोकळ्या आधी मिटतात. पाणी वर साचतं, मुळं उथळ राहतात, आणि कडक उन्हाचा एक आठवडा आला की गवत बसतं.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट असते. गवताची मेलेली मुळं आणि देठं कुजण्याच्या वेगापेक्षा साठण्याचा वेग जास्त असला की पृष्ठभागाखाली स्पंजसारखा थर तयार होतो. त्याला थॅच म्हणतात. तो पाणी धरून ठेवतो, रोग पोसतो.

क्रिकेटची खेळपट्टी आठवा. तिथे रोलर फिरवून माती मुद्दाम घट्ट करतात, कारण चेंडू उसळायला हवा आणि पट्टीवरचं गवत फार जगलं नाही तरी चालतं. ग्रीनवर पृष्ठभाग घट्ट आणि सपाट हवा, पण गवत मात्र वर्षानुवर्षं जिवंत राहायला हवं. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात जातात.

पोकळ दात्यांचं यंत्र मातीच्या छोट्या कांड्या उपसून बाहेर टाकतं. त्या गोळा करून भोकांत वाळू भरतात. आता थोडं गणित. अर्ध्या इंच व्यासाची भोकं दोन इंचांच्या चौकोनात पाडली, तर एका फेरीत पृष्ठभागाचा सुमारे ५ टक्के भाग बदलतो. चौरस फुटाला ३६ भोकं पडतात. ग्रीन पाच हजार चौरस फुटांचा धरला तर एका ग्रीनवर १ लाख ८० हजार, आणि १८ ग्रीन मिळून ३२ लाखांवर. एवढं करूनही बदलली जाते ती विसातली एक वाटी माती. म्हणून हे काम एकदा करून संपत नाही, दरवर्षी पुन्हा येतं.

वाळूचे दिवस

आता दुसरा प्रश्न. जुना गोल्फ स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या वाळवट जमिनीवर खेळला जायचा. अशा जमिनीला लिंक्स म्हणतात. वाळूचे कण मोठे असल्यामुळे पाणी आपोआप उतरतं आणि पावलांनी माती फारशी दबत नाही. गवत मेंढ्या आणि ससे चरून आखूड ठेवत. गवत कापायचं पहिलं यंत्र इंग्लंडमधल्या एडविन बडिंगने १८३० साली पेटंट केलं, आणि गोल्फच्या मैदानांवर ते सर्रास दिसायला पुढे बराच काळ गेला.

सेंट अँड्र्यूजचा ओल्ड टॉम मॉरिस (१८२१–१९०८) याचं नाव ग्रीनवर वाळू टाकण्याशी कायमचं जोडलं गेलं आहे. चुकून वाळूची ढकलगाडी ग्रीनवर सांडली, तिथलं गवत पुढे जोमाने वाढलं आणि त्यातून त्याला ही युक्ती सुचली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे. पण 'अपघातातून लागलेला शोध' हा साचा दिसला की रिसर्च करणाऱ्याने जरा थबकावं. वाळू टाकण्याची पद्धत पक्की होती, याला आधार आहे. ती एका दुपारी एका गाडीतून सांडली, हे आख्यान आहे. दोन्ही नोंदवा, पण वेगवेगळ्या वहीत.

गांडुळाचा गुन्हा

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गोल्फ झपाट्याने वाढला आणि समुद्रकाठ सोडून शहरांजवळ, लंडनच्या आसपासच्या चिकण मातीत आला. इथे एक जुना रहिवासी होता, गांडूळ.

'गांडूळ शेतकऱ्याचा मित्र' हे आपण शाळेत घोकलेलं वाक्य. त्यामागचा एक भक्कम अभ्यास चार्ल्स डार्विनचा आहे. मृत्यूच्या काही महिने आधी, १८८१ साली, त्याचं गांडुळांवरचं पुस्तक निघालं. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून जास्त कोरडी माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते, असा हिशेब त्याने मांडला. गांडूळ बिळं करतं, पाणी आणि हवा खाली नेतं, मेलेली पानं-देठं ओढून कुजवतं. म्हणजे एअरेशनचं यंत्र आणि थॅच काढायचं यंत्र, दोन्ही एकाच प्राण्यात. मजुरी शून्य.

आता हाच आकडा ग्रीनकीपरच्या डोळ्यांनी वाचा. एकरी दहा टन माती वर येते, ती कुठे येते? ग्रीनवर. गांडुळांच्या विष्ठेचे छोटे छोटे ओले ढीग सकाळी हिरवळभर दिसतात. चेंडू त्यांना आपटून वळतो. पाय किंवा रोलर पडला की त्यांचा चिखल पसरतो, गवत गुदमरतं, आणि त्या मोकळ्या चिखलात तण रुजतं. शेतात जे वरदान तेच इथे उपद्रव. तथ्य एकच असतं. ते कोण वाचतं आहे यावर त्याचा अर्थ ठरतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गांडुळांविरुद्ध मोहीमच निघाली. लंडनजवळच्या रिचमंड इथल्या रॉयल मिड-सरे क्लबचा ग्रीनकीपर पीटर लीस याचं या कामात नाव झालं. ग्रीनकीपिंगवरचं त्याचं पुस्तक १९१८ साली प्रसिद्ध झालं. या मोहिमेतलं एक मुख्य हत्यार आपल्या ओळखीचं आहे. ब्रिटिश मासिकांत आणि पुस्तकांत त्याचं नाव 'मौरा मील' असं येतं. म्हणजे काय? तर मोहाची पेंड. मोहाच्या बियांचं तेल काढल्यावर उरणारा चोथा. त्यातली सॅपोनिन नावाची द्रव्यं गांडुळांना सहन होत नाहीत. पेंडीची पूड ग्रीनवर पसरायची, वर भरपूर पाणी मारायचं. थोड्याच वेळात गांडुळं ढिगांनी वर येतात, ती झाडून भरून न्यायची. आपल्याकडे मत्स्यशेतीच्या तळ्यांत नको असलेले मासे काढायला हीच पेंड वापरतात, तत्त्व तेच.

विदर्भात किंवा पालघरकडे मोह म्हणजे फुलं, तेल, दिव्यातलं जळण, जंगलातली कमाई. त्याच झाडाची पेंड जहाजाने जाऊन इंग्लंडच्या क्लबांमध्ये चेंडूची वाट गुळगुळीत करत होती. वसाहतीच्या व्यापाराचा इतिहास म्हटलं की आपल्याला कापूस, अफू, चहा आठवतो. अशा दुय्यम मालाकडे सहसा लक्ष जात नाही. कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या. ग्रीनपासून सुरुवात करून उलट दिशेने बंदरापर्यंत, आणि बंदरापासून बिया वेचणाऱ्या हातांपर्यंत जा.

मोहानंतर जास्त जहाल औषधं आली. अमेरिकेत पाऱ्याची संयुगं, दोन्हीकडे लेड आर्सेनेट म्हणजे शिसं आणि आर्सेनिक, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर क्लोरडेन. पेंडीचा परिणाम काही काळाने ओसरायचा. यांचा वर्षानुवर्षं टिकायचा. ग्रीनमधून गांडूळ खऱ्या अर्थाने हद्दपार झालं ते या काळात.

काट्यापासून यंत्रापर्यंत

गांडूळ गेलं आणि पावलं वाढली. दोन्ही एकाच वेळी. अमेरिकेत १९२० साली गोल्फ संघटनेने, म्हणजे यूएसजीएने, आपला ग्रीन सेक्शन सुरू केला. ब्रिटनमध्ये १९२९ साली यॉर्कशरमधल्या बिंगली इथे ग्रीनकीपिंगच्या संशोधनाचं केंद्र निघालं. गवत आता शास्त्राचा विषय झालं. पण माती मोकळी करायचं हत्यार मात्र बागेतला काटा हेच होतं. माणूस काटा रोवायचा, मागे ओढायचा, अर्ध्या फुटावर पुन्हा रोवायचा. खिळ्यांचे रोलरही होते, पण भरीव खिळा माती काढत नाही, बाजूला दाबतो. भोक पडतं आणि भोकाच्या भिंती घट्ट होतात.

१९४६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या वेस्ट पॉइंट प्रॉडक्ट्स या कंपनीच्या टॉम मॅस्कारोने 'एरिफायर' नावाचं यंत्र बाजारात आणलं. त्याचे दाते पोकळ, चमच्यासारखे वळलेले होते. ते मातीत शिरून कांडी उपसून बाहेर टाकत. नुसतं भोसकणं संपलं आणि उपसणं सुरू झालं. युद्धानंतर अमेरिकेत गोल्फची भरभराट झाली आणि हे काम नेहमीच्या वेळापत्रकात बसलं.

पुढचा टप्पा १९६०. यूएसजीएने ग्रीन बांधायची शिफारस केलेली पद्धत छापली: खाली खडीचा थर, वर सुमारे फूटभर मुख्यतः वाळूचं मिश्रण. विचार सरळ होता. माती दबते म्हणून त्रास होतो, तर मग न दबणारी मातीच घाला. थोडक्यात, लिंक्सची जमीन कारखान्यासारखी मापात बनवायची.

मग भोकं थांबली का? नाही. वाळू दबत नाही, पण गवत वाढतं, मरतं आणि थॅच साठतोच. तो खाणारं गांडूळ या वाळूत क्वचितच टिकतं. पोकळ्या आता पावलांऐवजी सेंद्रिय चोथ्याने बुजतात. कारण बदललं, उपाय तोच राहिला. असं घडताना दिसलं की नोंद करून ठेवा. एखादी प्रथा टिकून असते म्हणून तिचं मूळ कारणही टिकून आहे, असं धरून चालू नका.

वेगाची मोजपट्टी

तरीही प्रश्न उरतो. खेळणाऱ्यांना या भोकांचा एवढा राग का? चेंडू थोडा अडखळला तर काय बिघडलं?

इथे एक छोटं उपकरण येतं. १९३५ साली ओकमाँटला झालेल्या यूएस ओपनमध्ये जीन साराझेनचा एक पट ग्रीनवरून घरंगळत थेट बंकरमध्ये गेला. प्रेक्षकांत एडवर्ड स्टिम्पसन नावाचा हौशी खेळाडू होता. ग्रीन अवाजवी वेगवान आहेत असं त्याला वाटलं, पण सिद्ध कसं करायचं? त्याने लाकडाची एक खाचेची पट्टी बनवली. ठरावीक उतारावरून चेंडू सोडायचा आणि तो सपाट हिरवळीवर किती फूट जातो ते मोजायचं. यूएसजीएच्या फ्रँक थॉमसने १९७६ साली ती ॲल्युमिनियममध्ये नव्याने घडवली, आणि १९७८ मध्ये स्टिम्पमीटर मैदानांच्या देखभालदारांना मिळू लागला. त्याआधी अमेरिकेत शेकडो मैदानांवर मोजणी झाली, तेव्हा सरासरी साडेसहा फुटांच्या आसपास होती. आज मोठ्या स्पर्धांत १३-१४ फूट ऐकायला मिळतं.

हेतू होता सगळे ग्रीन सारखे ठेवण्याचा. पण आकडा हातात आला आणि क्लबाक्लबांत चढाओढ लागली. 'आमच्याकडे बारा आहे.' वेग हवा म्हणून गवत पाव इंचावरून तीन मिलिमीटरवर आलं. इतक्या आखूड कापलेल्या गवताला पानं कमी, म्हणून अन्न कमी, म्हणून मुळं उथळ. त्यावर रोलर. म्हणजे गवत जितकं नाजूक, तितकी त्याला भोकांची गरज जास्त, आणि ग्रीन जितका वेगवान, तितकी भोकं डोळ्यांत जास्त खुपतात. साडेसहा फुटांच्या ग्रीनवर जे सहज खपून गेलं असतं, ते बारा फुटांवर संकट वाटतं.

याची किंमत कोण मोजतं? खेळणारा दोन-तीन आठवडे वाईट पट सोसतो, काही ठिकाणी त्याला फीमध्ये सवलत मिळते. देखभालदाराचं मात्र दोन्हीकडून मरण. गवत जोमात वाढतं तेव्हाच भोकं भरून येतात, म्हणून काम करावं लागतं नेमकं चांगल्या हवेत, जेव्हा सगळ्यांना खेळायचं असतं. सभासदांच्या दबावाखाली त्याने ते पुढे ढकललं तर त्या दिवशी कुणीच तक्रार करत नाही. उन्हाळ्यात ग्रीन जळाला की जाब मात्र त्यालाच विचारतात. नीट केलेली देखभाल दिसत नाही. दिसतात ती फक्त भोकं.

नियमांच्या पुस्तकात

आता एक मौज बघा. गोल्फच्या नियमांत गांडुळांच्या विष्ठेचे ढीग 'सुटे अडथळे' मानले जातात. खेळाडू ते बाजूला करू शकतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नियमांतही त्यांचा उल्लेख आहे. २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनी ग्रीनवरच्या बुटांच्या खुणासुद्धा दुरुस्त करायची मुभा दिली. पण एअरेशनची भोकं? ती यातून नावानिशी वगळली आहेत. ती बुजवता येत नाहीत आणि 'दुरुस्तीखालची जमीन' म्हणून आपोआप सवलतही मिळत नाही. क्लबने वेगळा स्थानिक नियम केला तरच.

गांडुळाने केलेली खूण म्हणजे बाहेरचा कचरा, यंत्राने पाडलेली भोकं म्हणजे मैदानाचाच भाग. काम दोघांचं एकच. नियमांची पुस्तकं कंटाळवाणी असतात म्हणून आपण ती सोडून देतो. पण एखाद्या समाजाला काय नैसर्गिक वाटतं आणि काय परकं, हे अशाच कलमांत सापडतं.

मग निष्कर्ष काय काढायचा?

इथवर वाचून तुम्हाला एक वाक्य लिहायचा मोह होईल: 'गांडुळं मारली म्हणून यंत्र आलं.' सुटसुटीत आहे, व्हायव्हातही ऐकायला बरं वाटेल. पण आधी उलट उदाहरण शोधा. लिंक्सच्या वाळवट, आम्ल जमिनीत गांडुळं मुळातच कमी, तरीही आज तिथे एअरेशन होतं. १९६० नंतरच्या वाळूच्या ग्रीनमध्ये तर मारायला गांडुळंच फारशी नव्हती, तिथेही होतं. म्हणजे गांडूळ हे एकमेव कारण नाही. पावलं, यंत्रांचं वजन, आखूड कापणी, वेगाचा आकडा, हे सगळे धागे आहेत.

मग मी काय म्हणेन? या प्रत्येक टप्प्यावर माणसाने गुळगुळीतपणा थोडा वाढवला आणि त्या बदल्यात माती स्वतः करत असलेलं एखादं काम तिच्याकडून काढून घेतलं. ते काम नाहीसं झालं नाही. ते पगारावर, डिझेलवर आणि वेळापत्रकावर गेलं. भोकं म्हणजे त्या बिलाची वर्षातून दोनदा येणारी वसुली. हा दावा वरच्या वाक्यापेक्षा कमी झणझणीत आहे, पण उलट उदाहरणं समोर ठेवली तरी तो टिकतो.

आणि गोष्ट अजून चालूच आहे. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लोरडेन गेलं, गेल्या दशकात कार्बेन्डाझिमही गेलं. गांडुळं परत येत आहेत. तिथले ग्रीनकीपर पुन्हा सकाळी ते ओले ढीग बघत उभे आहेत, आणि या वेळी हाताशी औषध नाही. शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न जसाच्या तसा समोर आहे: चेंडूची वाट की मातीचा श्वास, आणि दोन्ही हवं असेल तर किती-किती?

डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराने 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) मध्ये मांडलं की तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांभोवती फार फिरतो, वापर आणि देखभाल मागे पडते. विषय शोधताना एवढं करून बघा. तुमच्या गावातली अशी कुठलीही जागा घ्या जी 'नेहमीच' चांगली असते. मैदान, पाण्याची टाकी, देवळाचा घाट, रेल्वेचा रूळ. ती तशी राहण्यासाठी कोण, कधी, काय करतं ते विचारा. आणि त्यांच्या आधी ते काम कोण करत होतं, हेही विचारा. तक्रारवह्या आणि कामाची रजिस्टरं आधी मागा. उद्घाटनाची पाटी शेवटी वाचली तरी चालेल.